दुभाष्याचें राज्य

साम्राज्यें तलवारीनें मिळविलीं जातात, असें इतिहासाच्या शालेय पुस्तकांत लिहिलेलें असतें. आणि तें खोटें नाहीं. परंतु तलवार म्यानांत गेल्यानंतर दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय होतें, हें त्या पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं विजयी सेनापतीला न्याहारीसाठीं अंडीं हवीं असतात, घोड्यांसाठीं दाणा हवा असतो, आणि सारा किती बसवावा याचा अंदाज हवा असतो. यांतील एकहि गोष्ट त्याला जिंकलेल्या लोकांच्या भाषेंत मागतां येत नाहीं. त्या क्षणीं एक तिसरा मनुष्य पुढें येतो. तो राजा नसतो आणि सेनापतीहि नसतो. त्याच्याजवळ दोन भाषा असतात, एवढीच त्याची दौलत. तो म्हणजे दुभाष्या. आफ्रिकेंतील पारतंत्र्यावर ज्या उपरोधिक ऐतिहासिक कादंबऱ्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लिहिल्या गेल्या, त्यांतील कांहीं उत्तम कादंबऱ्यांनीं आपली दृष्टि याच मनुष्यावर रोखलेली आहे. सत्ता सिंहासनावर बसते कीं दोन माणसांच्या मध्यें उभ्या असलेल्या तिसऱ्याच्या जिभेवर बसते, असा त्यांचा प्रश्न आहे.

अहमदू कुरुमा हे आयव्हरी कोस्ट देशांतील कादंबरीकार. त्यांचा जन्म १९२७ सालचा. २००३ सालीं ते वारले. त्यांची ‘मोन्ने’ ही फ्रेंच भाषेंत लिहिलेली कादंबरी १९९० सालीं प्रसिद्ध झाली. सोबा नांवाच्या एका कल्पित राज्यावर फ्रेंच सैन्य चालून येतें, हा तिच्या आरंभींचा प्रसंग आहे. राजा जिगी केइता यानें टेकडीवर तट उभारला आहे, बळी दिले आहेत, मांत्रिकांकडून ती टेकडी मंतरून घेतली आहे. या वाटेनें शत्रु कधींच येऊं शकणार नाहीं, अशी सर्वांची खात्री आहे. फ्रेंच तुकडी नेमकी त्याच टेकडीवरून येते. मंत्राला फ्रेंच भाषा समजत नसावी! राजा पुढें होतो आणि आपल्या पूर्वजांना शोभेल अशा आवेशानें गोऱ्या कप्तानाला युद्धाचें आव्हान देतो. कप्तानाबरोबर आलेला दुभाष्या तें सर्व शांतपणें ऐकून घेतो, आणि कप्तानाकडे वळून सांगतो कीं, राजा आपल्या स्वागतासाठीं आला असून आपल्या आगमनानें त्याला आनंद झाला आहे.

या दुभाष्याचें नांव सूमारे. मराठी कानाला या नांवाची गंमत वाटेल. पण त्याचें भाषांतर सुमारेंहि बरोबर नव्हतें. त्यानें असें कां केलें, याचें कारण तो मागाहून राजालाच सांगतो. केइता आणि सूमारे या दोन कुळांत पिढ्यान्‌पिढ्यांचें थट्टेचें नातें आहे. या नात्यांतील माणसें एकमेकांची मनसोक्त टवाळी करतात. पण एकमेकांच्या जिवाला अपाय होऊं द्यावयाचा नाहीं, असा त्या नात्याचा दंडक आहे. आव्हान जसेंच्या तसें सांगितलें असतें, तर राजा जागच्या जागीं मारला गेला असता. म्हणून एका वाक्याच्या खोट्या भाषांतरानें राजाचे प्राण वांचले, आणि त्याच वाक्यानें राज्य गेलें. कप्तानाला वाटतें, आपल्याला पाहतांच राजा प्रेमानें शरण आला. राजाला, निदान आपण आव्हान दिलें, एवढें समाधान उरतें. पुढील अर्ध्या शतकाची राज्यव्यवस्था या गैरसमजाच्या पायावर उभी राहते.

कादंबरींतील हा प्रसंग कल्पित असला, तरी त्याच्या मागची व्यवस्था कल्पित नव्हती. १८९५ सालीं फ्रेंचांनीं पश्चिम आफ्रिकेंतील आपल्या वसाहतींचा एक संघ बनविला. त्याचे ‘सर्कल’ नांवाचे जिल्हे पाडले आणि प्रत्येकावर एक कमांडंट नेमला. हा कमांडंट सारा वसूल करी, न्याय देई, रस्ते बांधवी, वेठीस माणसें धरी. देशी लोकांसाठीं जो वेगळा दंडविधि होता, त्याच्या आधारें तो कोणत्याहि देशी माणसाला न्यायालयापुढें न आणतांच शिक्षा करूं शके. त्याच्या अधिकाराला मर्यादा नव्हती. त्याच्या भाषाज्ञानाला मात्र फारच मोठी मर्यादा होती. कांहीं काळ एका जिल्ह्यांत काढला, कीं त्याची बदली होई, आणि नव्या जिल्ह्याची भाषा निराळी असे. साहेब बदलत, दुभाष्या तेथेंच राही. गांवकऱ्याची फिर्याद साहेबाच्या कानीं पडावयाची ती दुभाष्याच्या तोंडून, आणि साहेबाचा निकाल गांवकऱ्याला समजावयाचा तोहि त्याच्याच तोंडून. अशा स्थितींत पहिला नजराणा कोणाच्या अंगणांत जात असेल, हें सांगावयास नको.

अशीं माणसें तयार करण्याची सोयहि सरकारनें केलेली होती. सेनेगलमधील सेंट लुई येथें गव्हर्नर फेदेर्ब यांनीं १८५५ सालीं एक शाळा काढली. तींत जिंकलेल्या प्रदेशांतील सरदारांचीं मुलें आणून ठेवीत. मुलगा शाळेंत असेपर्यंत बाप बंड करणार नाहीं, आणि मुलगा शिकून बाहेर पडला म्हणजे सरकारच्या उपयोगी पडेल, असा दुहेरी हिशेब होता. या शाळेचें नांवच ‘ओलिसांची शाळा’ असें होतें. शिक्षणसंस्थेच्या नांवांत इतकी प्रांजळ कबुली देणारें सरकार विरळाच. उपरोधिक लेखकानें यापुढें आणखी काय रचावें?

दुभाष्याच्या जिभेवर राज्यें डोलत असत ही अतिशयोक्ति आहे, असें कोणास वाटल्यास त्यानें त्या काळचे तहनामे पाहावे. २ मे १८८९ रोजीं इथिओपियाचा सम्राट मेनेलिक आणि इटली यांच्यामध्यें वुचाले येथें तह झाला. त्याच्या अम्हारिक प्रतींतील सतराव्या कलमाप्रमाणें इतर राष्ट्रांशीं व्यवहार करतांना सम्राटाला इटलीचें साहाय्य घेतां येईल, असें ठरलें होतें. इटालियन प्रतीप्रमाणें तें त्याला घ्यावें लागेल, असें ठरलें होतें. ‘घेतां येईल’ आणि ‘घ्यावें लागेल’ यांतील अंतर एका स्वतंत्र देशाएवढें आहे. १७७३ सालीं झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या वधाभोंवतीं ‘ध’चा ‘मा’ केल्याची जी आख्यायिका आहे, ती मराठी घरांत लहान मुलांनाहि ठाऊक असते. ती खरी कीं खोटी, याचा वाद इतिहासकारांनीं करावा; वुचालेच्या तहाच्या मात्र दोन्ही प्रती कागदावर होत्या. मेनेलिकनें १८९३ सालीं तो तह झुगारून दिला, आणि १ मार्च १८९६ रोजीं अडोवाच्या लढाईंत इटलीचा सपशेल पराभव करून त्या क्रियापदाचा अर्थ कायमचा निश्चित केला.

माताबेले लोकांचा राजा लोबेंगुला इतका भाग्यवान नव्हता. ३० ऑक्टोबर १८८८ रोजीं सेसिल ऱ्होड्सच्या हस्तकांनीं त्याच्याकडून एका सनदेवर सही घेतली. तिनें राज्यांतील सर्व खनिजांचा हक्क त्यांना मिळाला. मोबदला म्हणून दरमहा १०० पौंड, १,००० बंदुका, १ लाख काडतुसें आणि झांबेझी नदींत एक तोफांची आगबोट देण्याचें कबूल झालें. या बोलण्यांत दुभाष्याचें काम चार्ल्स हेल्म नांवाच्या मिशनऱ्यानें केलें. खणण्यासाठीं दहाहून अधिक गोरे येणार नाहींत, असें राजाला तोंडीं सांगण्यांत आलें. कागदावर तें वचन नव्हतें. वचन राजाच्या भाषेंत आणि कागद इंग्रजींत, अशी ही वांटणी होती. १८९० सालीं कंपनीचा सशस्त्र तांडा त्या प्रदेशांत शिरला. १८९३ सालच्या युद्धांत राज्य बुडालें. दहा माणसांचा आंकडा हवेंत विरून गेला.

तहनाम्यांतील हा खेळ गांवपातळीवर उतरला, म्हणजे त्याचें काय रूप होतें, हें नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांनीं ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या १९५८ सालच्या कादंबरींत दाखविलें आहे. ती मुख्यतः शोकान्त कथा आहे; पण तिच्यांत हंसूं आणणारा एक दुभाष्या आहे. गोरा मिशनरी गांवकऱ्यांना गंभीरपणें धर्मोपदेश करीत असतो. दुभाष्या त्याच जमातीचा असला तरी दुसऱ्या मुलखांतला. त्याच्या बोलींत ‘मी स्वतः’ या अर्थाचा जो शब्द आहे, तो या गांवच्या बोलींत शरीराच्या बसण्याच्या भागाचें नांव आहे. त्यामुळें परमेश्वराचा संदेश ऐकतां ऐकतां श्रोते लोटपोट होतात, आणि कोणी एक गांवकरी त्या शब्दावर कोटीहि करतो. येथवर सर्व विनोद आहे. परंतु त्याच कादंबरींत पुढें इंग्रज अधिकारी गांवच्या सहा प्रमुखांना बोलणीं करण्याच्या मिषानें बोलावून कैद करतो आणि दोनशें पोतीं कवड्या दंड ठोठावतो. कचेरीचे पट्टेवाले गांवांत जाऊन अडीचशें पोतीं सांगतात. वरचीं पन्नास पोतीं त्यांचीं. गांव मुकाट्यानें अडीचशें भरतो. पहिल्या चुकीला गांव हंसला. दुसरी त्याला समजलीहि नाहीं.

दुभाष्यालाच नायक करून त्याचें संपूर्ण चरित्र लिहिण्याचें काम माली देशाचे आमादू हाम्पाते बा यांनीं केलें. १९०० च्या सुमारास बांदियागारा येथें त्यांचा जन्म झाला. १९९१ सालीं ते वारले. तरुणपणीं १९२२ पासून कांहीं वर्षें ते फ्रेंच सरकारच्या कचेऱ्यांत कारकून होते. त्यामुळें साहेबाच्या टेबलापासून दाराबाहेरच्या फिर्यादीपर्यंतचें अंतर त्यांनीं स्वतः मोजलेलें होतें. १९७३ सालीं त्यांनीं ‘वांग्रिनचें विचित्र दैव’ या अर्थाच्या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. वांग्रिन हा खराखुरा मनुष्य होता, आणि त्यानें स्वतःची हकीकत रात्रीं बसून आपल्याला सांगितली, असें बा यांनीं प्रस्तावनेंत म्हटलें आहे. तो सांगत असतां शेजारीं भाट वाद्य छेडीत असे. पुस्तकांत माणसांचीं व गांवांचीं नांवें बदललेलीं आहेत. समीक्षक त्याला कादंबरी म्हणतात, लेखक चरित्र म्हणतो. वांग्रिनसारख्या माणसाविषयीं असा वाद व्हावा, हें त्याला साजेसेंच आहे.

वांग्रिन ओलिसांच्या शाळेंत शिकून शिक्षक होऊन एका गांवीं येतो. तेथील दुभाष्या राकूतिये हा जुना शिपाईगडी. शिपायांमध्यें फ्रेंच भाषेचा जो मोडकातोडका अवतार प्रचलित होता, त्यावर त्याचें सारें वैभव उभें असतें. वांग्रिन थेट कमांडंटशीं शुद्ध फ्रेंचमध्यें बोलतो, आणि त्याच दिवशीं राकूतियेचें आसन डळमळतें. व्याकरण शुद्ध असलें म्हणजे मनुष्याला किती वरची जागा मिळूं शकते, याचें इतकें रोकडें उदाहरण शाळामास्तरांना सुद्धां सांपडणार नाहीं. वांग्रिन दुभाष्या होतो. विरोधांच्या एका चमत्कारिक देवाला तो आपला रक्षक मानतो. त्या देवाप्रमाणेंच याच्याहि अंगीं चांगलें आणि वाईट हीं शेजारीं शेजारीं नांदतात.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू होतें. फ्रान्सच्या सैन्याला मांस हवें असतें, म्हणून सरकार गुरें सक्तीनें घेऊं लागतें. सरकारला लागतात त्याहून अधिक गुरें वांग्रिन कागद रंगवून गोळा करतो आणि वरचीं परस्पर विकतो. प्रकरण उघडकीस येतें तेव्हां त्यांत एका उमराव घराण्यांतील फ्रेंच अधिकाऱ्याचें नांव गुंतलेलें असतें. आतां दुभाष्याला फासावर चढवावें, तर साहेबाची अब्रूहि त्याच दोरीला लोंबकळणार! न्यायाची गति अर्थातच मंद होते. पुढें एका धनाढ्य सरदाराच्या वारशाचा तंटा लागतो, तेव्हां वांग्रिन दोन्ही पक्षांचा सल्लागार होतो आणि दोघांकडूनहि घेतो. कमांडंटला नेहमीं वाटतें, निर्णय आपण करतों. वांग्रिन त्याला तसें वाटूं देतो. त्याची सारी विद्या एवढ्यांतच आहे.

तरीहि वाचकाला वांग्रिनचा तिटकारा येत नाहीं. तो लुबाडतो तो श्रीमंतांना आणि सरकारला. गरिबांच्या हातावर मात्र तो सढळपणें ठेवतो. जें सरकार सर्व देशाला लुबाडीत आहे, त्याला कोणी एक लुबाडतो, हें पाहून वाचक मनांतल्या मनांत टाळी वाजवितो, आणि नंतर आपण कशाला टाळी वाजविली, याचा विचार करूं लागतो. कारण तीं वरचीं गुरें साहेबाच्या गोठ्यांतून आलेलीं नव्हतीं. ज्यांच्या दारांतून सरकारचीं गेलीं, त्यांच्याच दारांतून हींहि गेलीं. बा यांचें कौशल्य असें कीं, ते हा हिशेब मोठ्यानें मांडीत नाहींत. तो वाचकाला स्वतःच करावा लागतो.

पुढें नोकरी सोडून वांग्रिन व्यापार करतो आणि अमाप पैसा मिळवितो. आयुष्यभर ज्यानें गोऱ्यांना फसविलें, त्याला शेवटीं एक फ्रेंच जोडपें फसवितें. दारूचें व्यसन लागतें, संपत्ति जाते, आणि एके काळचा तो कुबेर रस्त्यांत भीक मागूं लागतो. त्या अवस्थेंत त्याच्या तोंडीं विनोद आणि शहाणपण दोन्ही येतात; लोक त्याच्याभोंवतीं गोळा होतात. एका मुसळधार पावसांत तो खड्ड्यांत पडून मरतो. त्याच्या अंत्यविधीच्या वेळीं त्याचा गौरव करणारा मनुष्य कोण? तर रोमो सिबेदी, ज्याची जागा त्यानें कपटानें मिळविली होती, तो जुना दुभाष्या, त्याचा हाडवैरी. शत्रूनें केलेली ही स्तुति मात्र कोणत्याहि भाषांतराविना लोकांना समजते.

वांग्रिनच्या कथेंत हंसणें अधिक आहे. ‘मोन्ने’मध्यें हंसणें हळूहळू घशांत अडकतें. सोब्याचा राजा शरण आल्यानंतर फ्रेंच सरकार त्याचा बहुमान करावयाचें ठरवितें, आणि त्याला एक नजराणा जाहीर होतो: आगगाडी. सोब्याच्या दारापर्यंत लोहमार्ग आणण्यांत येईल, असें त्याला सांगण्यांत येतें. सूमारे हा निरोप अशा रसाळपणें सांगतो कीं, राजा हर्षभरित होतो. आजपर्यंत कोणत्या केइता राजाच्या दारांत आगगाडी येऊन उभी राहिली होती? फक्त एक बारीकशी अट असते. नजराणा ज्याचा त्यानें तो आणण्यासाठीं माणसें द्यावयाचीं. रूळ टाकण्यास मजूर, त्यांच्या पोटासाठीं धान्य, गुरें आणि कोंबड्या, हें सर्व सोब्यानें पुरवावयाचें.

राजा गांवोगांव फिरतो. माणसें मागतो, आणि मागून मिळालीं नाहींत तर धरून आणवितो. एक तुकडी जाते, ती परत येत नाहीं. मग दुसरी जाते. वर्षांमागून वर्षें लोटतात. गांवें ओस पडतात, शेतें पडीत राहतात, राजा शंभरी गांठतो, आणि गाडी कांहीं सोब्याला येत नाहीं. ज्या राजानें एके काळीं आव्हान दिलें होतें, तो आतां आपल्याच प्रजेचा सर्वांत मोठा वेठ्या गोळा करणारा झालेला असतो. कुरुमा राजाला येथें क्षमा करीत नाहींत. दुभाष्यानें त्याला फसविलें हें खरें. पण त्याच्या अभिमानानें तें फसणें आनंदानें पत्करलें. आपली प्रजा मरत आहे, हें समजण्यासाठीं त्याला कोणत्याहि दुभाष्याची गरज नव्हती.

या वेठीला इतिहासाचा आधार आहे. फ्रेंच काँगोंत १९२१ पासून १९३४ पर्यंत समुद्रकिनाऱ्याकडे जो लोहमार्ग बांधला गेला, त्यावर सक्तीनें आणलेले हजारों मजूर मृत्युमुखीं पडले. कुरुमा यांच्या स्वतःच्या देशांत मळ्यांवर, रस्त्यांवर आणि लोहमार्गावर वेठीचीं माणसें राबत असत. फ्रेंच आफ्रिकेंतील ही वेठ कायद्यानें बंद झाली ती एप्रिल १९४६ मध्यें. त्या कायद्याचा पुरस्कार आयव्हरी कोस्टचे प्रतिनिधि फेलिक्स हूफूएत-ब्वान्यी यांनीं पॅरिसच्या सभागृहांत केला. त्या वेळीं कुरुमा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. वेठ हा शब्द त्यांना कोशांत शोधावा लागला नव्हता.

याच वर्गांतली आणखी एक कादंबरी लहान असूनहि विसरतां येत नाहीं. कॅमेरूनचे फेर्दिनां ओयोनो यांनीं १९५६ सालीं ती लिहिली. तिच्या नांवांत एक म्हातारा आणि एक पदक आहे. या म्हाताऱ्याचें नांव मेका. त्यानें आपली जमीन मिशनला दिली आहे आणि त्याचे दोन मुलगे फ्रान्ससाठीं लढतांना मेले आहेत. याबद्दल सरकार त्याला १४ जुलैच्या समारंभांत पदक देणार असतें. भर उन्हांत, चुन्यानें आंखलेल्या एका वर्तुळांत, पायांत न मावणारे नवे बूट घालून त्याला साहेबाची वाट पाहत उभें करतात. वर्तुळाबाहेर पाऊल टाकण्याची सोय नाहीं. पदक छातीवर लागतें, मैत्रीवर भाषणें होतात. मेका तीं खरीं मानतो आणि दुभाष्याच्या द्वारां मोठ्या साहेबाला विचारतो, माझ्या घरीं बोकड कापला आहे, जेवावयास येतां का? मैत्री झाली म्हणजे जेवण आलेंच, असा त्याचा साधा हिशेब. गोड शब्द मिळतात; पाहुणा मात्र मिळत नाहीं. त्याच रात्रीं वादळांत वाट चुकून तो गोऱ्यांच्या वस्तीकडे भटकतो. पदक हरवलेलें असतें. पोलीस त्याला ओळखत नाहींत आणि चोरासारखा धरून नेतात. येथें दुभाष्यानें कांहींहि खोटें सांगितलेलें नाहीं. खोटेपणा मूळ वाक्यांतच होता.

मेकाच्या या कथेमुळें एका आक्षेपाचें उत्तर सांपडतें. अशा कादंबऱ्या दुभाष्याच्या माथीं दोष मारून साहेबाला मोकळें सोडतात, असें कोणी म्हणेल. परंतु बारकाईनें पाहिलें तर तसें नाहीं. अचेबे यांच्या कथेंत पट्टेवाल्यांनीं पन्नास पोतीं वर घेतलीं; पण त्या खालचीं दोनशें पोतीं कोणी लादलीं होतीं? वांग्रिननें वाढीव गुरें नेलीं. पण गुरें सक्तीनें घेण्याचा हुकूम त्याच्या लेखणींतून निघाला नव्हता. दुभाष्या हा दलाल होता. पेढी दुसऱ्याचीच होती. प्रजेची भाषा न शिकतां प्रजेवर राज्य करावें, अशी ज्या सत्तेची इच्छा असते, तिला आपल्याच नोकराचें नोकर व्हावें लागतें. या नोकरीचें वेतन मात्र ती स्वतः देत नाहीं. तें गांव देतो, कधीं कवड्यांत, कधीं गुरांत, आणि कधीं परत न येणाऱ्या मुलांत.

१९६० च्या सुमारास यांतील बहुतेक देश स्वतंत्र झाले. कमांडंट गेला, नव्या राज्यकर्त्याची भाषा आणि प्रजेची भाषा आतां एक होईल, असें वाटलें. कुरुमा यांची दृष्टि येथेंहि फसली नाहीं. १९९८ सालीं त्यांनीं आणखी एक उपरोधिक कादंबरी लिहिली. वन्य पशूंच्या मतदानाची वाट पाहणें, असा तिच्या नांवाचा आशय आहे. माणसांनीं मतें दिलीं नाहींत तर जंगलांतलीं जनावरें येऊन मत देतील, अशी तेथील हुकूमशहाला खात्री वाटते. या कोयागाचें टोगोचे एयादेमा यांच्याशीं असलेलें साम्य समीक्षकांनीं वारंवार दाखविलें आहे. एयादेमा यांनीं १९६७ पासून २००५ पर्यंत राज्य केलें. कादंबरींत सहा रात्रीं एक भाट आणि त्याचा विदूषक त्या हुकूमशहापुढें बसून त्याचेंच चरित्र गातात, आणि स्तुतीच्या चालीवर त्याचीं सर्व पापें त्याला ऐकवितात. गोऱ्या साहेबाभोंवतीं दुभाषे होते, यांच्याभोंवतीं स्तुतिपाठक आले. दोघांचें काम एकच: लोक काय म्हणतात तें राजाच्या कानाला रुचेल असें करून सांगणें.

शेवटीं ‘मोन्ने’ या शब्दाकडे वळावयास हवें. ग्रंथाच्या आरंभींच राजा एका गोऱ्याला विचारतो कीं, आमच्या ‘मोन्ने’ला तुमच्या भाषेंत काय म्हणतात? तो अपमान, उपहास, तिरस्कार, संताप असे एकामागून एक शब्द सुचवितो. पण त्यांपैकीं एकहि पुरा पडत नाहीं. त्यावरून राजा असा निष्कर्ष काढतो कीं, ज्यांच्याजवळ हा शब्द नाहीं, त्यांना ती वेदनाहि ठाऊक नाहीं. त्यानंतर शेंकडों पानें कुरुमा यांनीं त्या एका शब्दाचें भाषांतर करण्यांत खर्च केलीं आहेत. त्यासाठीं त्यांनीं फ्रेंच भाषा आपल्या मालिंके बोलीच्या वळणानें वाकविली. त्यांची पहिली कादंबरी अशाच वळणाची होती. ती १९६८ सालीं प्रथम कॅनडांतील माँट्रियल येथें छापली गेली, आणि पॅरिसनें ती १९७० सालीं स्वीकारली.

म्हणजे हे लेखकहि दुभाषेच होते. राज्यकर्त्यांच्या शाळांत राज्यकर्त्यांची भाषा ते शिकले, आणि तिच्याच बळावर साहेबाच्या टेबलापर्यंत पोंचले. फरक इतकाच कीं, राजानें दिलेलें आव्हान त्यांनीं स्वागत म्हणून सांगितलें नाहीं. सूमारेनें त्या टेकडीवर जें वाक्य गिळलें होतें, तें जवळजवळ शंभर वर्षांनीं, त्याच भाषेंत, जसेंच्या तसें फ्रान्सच्या कानीं घातलें गेलें. तेव्हां राजाला त्याचा उपयोग होणार नव्हता, आणि रुळांखालीं गेलेलीं माणसेंहि परत येणार नव्हतीं. तरी तें सांगणें राहिलेलें होतें. वांग्रिननेंहि जन्मभर दुसऱ्यांचे शब्द विकले. पण आपली स्वतःची हकीकत त्यानें एका तरुण कारकुनाला रात्रीं बसून फुकट सांगितली, लोकांना ती ऐकून हंसूं यावें आणि त्यांनीं कांहीं शिकावेंहि, एवढ्याच अपेक्षेनें. त्याच्या सर्व व्यवहारांत निखळ सचोटीचा असा हाच एक व्यवहार दिसतो, आणि त्याची सारी मिळकत गेली तरी मागें उरला आहे तोहि हाच.